मामांचा राजीनामा मी लिहिला

आमच्या घरात मामांशी बोलायची एक पद्धत होती. ते हातवारे करायला लागले, की दोन-तीन वेळा मान हलवायची, थोडं हसायचं आणि आपल्या कामाला लागायचं. लग्न होऊन आले तेव्हा हे मला कुणी शिकवलं नाही. माझा नवरा भागवत स्वतःच्या वडिलांशी असाच वागायचा, तीर्थपुरीचे चुलत सासरे असेच वागायचे, गल्लीतला किराणावालासुद्धा. मी तेच उचललं. कडूबा मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, जन्मापासून ऐकू येत नाही. त्यांच्याशी पुरतं बोलायच्या त्या एकट्या आत्याबाई, माझ्या सासूबाई. हातांनी, भुवयांनी, कधी नुसत्या पदराच्या झटक्यानं. भांडायच्याही तशाच, आणि मामा हरले की भिंतीकडे तोंड करून बसायचे, म्हणजे पुढचं दिसायलाच नको.

मी बी.कॉम. आहे. घरातले सगळे कागद माझ्याकडे. रेशन कार्ड, लाइट बिल, मामांचं अपंगत्वाचं कार्ड, सगळं मी एका पिशवीत लावून ठेवलेलं. कुणाला काही विचारायचं असलं की म्हणायचे, "शिवकन्याला विचार, तिला ठाऊक राहतं."

पायल झाली आणि माझ्या मनात एक भीती बसली. दवाखान्यात कानांची तपासणी केली होती, सगळं ठीक सांगितलं होतं, तरी मी ती खेळत असली की हळूच पाठीमागे जाऊन टाळी वाजवायचे. वळून बघितलं की बरं वाटायचं. दुसऱ्या दिवशी परत टाळी. दीड वर्षाची झाली तरी तीन-चारच शब्द बोलायची, आणि मामांनी तिला दूध, पाणी, चिमणी यांच्या खुणा शिकवलेल्या. ती बोटं चोचीसारखी मिटायची आणि मला वाटायचं, ही आता बोलायचीच नाही. मी तिला उचलून दुसऱ्या खोलीत न्यायचे. भांडण नाही, बोलणं नाही, नुसतं उचलून न्यायचं. थोड्या दिवसांनी मामा मी खोलीत आले की हात मांडीवर ठेवायला लागले. मला ते दिसत होतं. मी स्वतःला सांगितलं की लेकराच्या भल्यासाठीच आहे.

मामा चोवीस वर्षं एमआयडीसीतल्या एका बियाण्याच्या कंपनीत ग्रेडिंगच्या मशीनवर होते. त्या मशीनपाशी इतका आवाज असतो की ऐकणारे लोक टिकत नाहीत. त्या नोकरीमुळे घराला ईएसआयचा, म्हणजे कामगार विम्याचा, दवाखाना होता. सात वर्षांपूर्वी आत्याबाईंच्या हृदयाची झडप बदलली, तीही त्यातूनच. तेव्हापासून त्यांना रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभराची, आणि महिन्याला रक्ताची तपासणी. गोळी कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. मामा कामावरून येताना दवाखान्यात जायचे, गोळ्या आणायचे आणि देवळीत ठेवायचे. त्यात माझं काहीच काम नव्हतं.

एप्रिलमध्ये मला एका कॉलेजात कॉम्प्युटर ऑपरेटरचं काम मिळालं. कंत्राटी होतं, पण तीन वर्षं अर्ज करून मिळालेलं. दोन मेपासून यायचं होतं. पायलला कोण बघणार हा प्रश्न. आत्याबाईंना चार पायऱ्या चढल्या की दम लागतो. मामांना पाच जूनला अठ्ठावन्न पूर्ण होणार होती आणि कंपनीत त्या वयाला निवृत्ती, महिनाअखेरीस. मी म्हटलं, दोन महिन्यांनी काय फरक पडतो. एप्रिलअखेर सोडतील.

मी बेफिकीर नव्हते, हे मला सांगायचंय. मी मोबाइलवर पुष्कळ वाचलं. रेशन कार्डावर महात्मा फुले योजना आहे, पाच लाखांपर्यंत. सत्तरीनंतरचं वेगळं कार्ड आहे, ते मामांना अजून बारा वर्षं लांब. अपंगांसाठी एक विमा आहे, पण त्यात नुसत्या कर्णबधिरांना घेत नाहीत, आणखी काही असलं तरच. हे सगळं मला पाठ होतं. मी ठरवलं, फुले योजनेचं कार्ड आहे, बास. त्या कार्डावर दवाखान्यात भरती झालं तर खर्च मिळतो, घरी बसून रोज घ्यायची गोळी आणि महिन्याची तपासणी मिळत नाही, हेही मी वाचलं होतं. पण वाचताना डोळ्यांसमोर आत्याबाई नव्हत्या, कॉलेजचं गेट होतं.

कंपनीच्या ऑफिसात फोन केला तर पगाराचं बघणारी मीना म्हणाली, "अर्ज आणून द्या मंग. साहेबांची सही घेते." मी मोबाइलवर राजीनाम्याचा नमुना शोधला. "वैयक्तिक कारणास्तव" हे शब्द त्यात आधीच होते. मी फक्त नाव, खातं आणि तारीख घातली.

मामांना मी खुणांनी सांगितलं. कंपनीच्या दिशेला बोट, मग हात झटकला. पायलकडे बोट. माझ्या खांद्यावर पर्स अडकवून दाखवली. ते माझ्याकडे बघत राहिले. मग आत गेले आणि घडी घातलेला एक कागद घेऊन आले. तो माझ्या हातात दिला, फोन काढला, त्यावर बद्रीनाथ काकांचं नाव दाखवलं आणि हातांनी भराभर काहीतरी सांगायला लागले. बद्रीनाथ काका आष्टीचे. त्यांनाही ऐकू येत नाही. आधी याच कंपनीत होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. मूकबधिर शाळेत सातवीपर्यंत शिकलेले, म्हणून त्यांना लिहिता येतं. मामांना सही करायला त्यांनीच शिकवलं.

कुकरची शिट्टी होत होती, पायल रडत होती. मी मान हलवली. हो, हो. परत हलवली. दवाखान्याची चिठ्ठी असेल म्हणून कागद बिलांच्या पिशवीत टाकला आणि पेन त्यांच्या हातात दिलं.

मामांनी एकदा पिशवीकडे बघितलं. मग चित्र काढावं तसं एकेक अक्षर काढत त्यांनी सही केली.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात आत्याबाईंच्या गोळ्या संपत आल्या. मामा घरी पायलला सांभाळत होते, म्हणून कॉलेजातून येताना मीच दवाखान्यात गेले. खिडकीतल्या सिस्टरनं कार्ड बघितलं आणि मला विचारलं, "कडूबांच्या सूनबाई का तुम्ही? ते न्हाई आले?"

"ते आता घरीच असतात. काम सोडलं."

"झाले का रिटायर? बरं झालं. मंग तो दाखला घेऊन जा ऑफिसात, जल्दी करा. लोक विसरून जातात आणि मंग रडत येतात."

"कोणता दाखला?"

"वयानं निवृत्त झाल्याचा, कंपनीचा. वर्षाचे एकशेवीस रुपये भरायचे, दोघं नवराबायकोचा दवाखाना चालू राहतो. गोळ्या, तपासण्या, सगळं बराबर."

मी म्हटलं, "त्यांनी राजीनामा दिलाय."

सिस्टरचा हात गोळ्यांच्या पाकिटावर थांबला. "राजीनामा कशाला दिला? राजीनाम्यावर न्हाई मिळत. आधीचा भरणा आहे म्हणून डिसेंबरपर्यंत चालंल. पुढं बंद." मग ती काचेला तोंड लावून हळू बोलली. "पण मागच्या महिन्यात ते स्वतःच आल्ते की. कुणाकडून चिठ्ठी लिहून आणल्ती, मी रिटायर होऊन राह्यलो, बायकोच्या गोळ्यांचं काय, म्हणून. मी सगळं लिहून दिलं त्यांना. तुम्हाला दाखवलं न्हाई का?"

मागे रांग होती. मी म्हटलं, "दाखवलं असेल." गोळ्या घेतल्या आणि निघाले.

कागद बिलांच्या पिशवीतच होता. घडीसुद्धा उघडलेली नव्हती. निळ्या शाईत चार ओळी. "कडूबा यांच्या घरच्यांस. वयानुसार निवृत्त झाल्याचा कंपनीचा दाखला घ्यावा. राजीनामा देऊ नये. दोघांचाही दवाखाना चालू राहील." राजीनामा देऊ नये, याच्याखाली दोन रेघा.

मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून ते वाचत होते आणि मामा पायलला कडेवर घेऊन समोर उभे होते. त्यांनी कागद ओळखला. मला वाटलं आता चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पायलला खाली ठेवलं, माठातलं पाणी आणून माझ्यापुढे ठेवलं आणि अंगणात गेले.

भागवतची मिलमध्ये दुसरी पाळी होती. त्याला मी फोनवर एवढंच सांगितलं की कागदात काहीतरी गडबड झाली आहे, उद्या जाऊन येते.

दुसऱ्या दिवशी मामांना घेऊन कंपनीत गेले. गेटवरचा वॉचमन मामांना बघून उठलाच. "काय कडूबा, करमंना व्हय घरी? सुनेनं हाकलून दिलं का?" असं तोंडानं म्हणत तो हातांनीही तेच बोलत होता. मामांनी काहीतरी उत्तर दिलं, त्यावर तो इतका हसला की खुर्चीवर बसला. मी विचारलं, "काय म्हणाले?" तो म्हणाला, "तुम्हाला न्हाई कळलं?" आणि मग त्यालाच अवघडल्यासारखं झालं. "असंच, आमचं आपलं," म्हणाला.

लग्न झाल्यापासून चार वर्षं मी मामांच्या हातचा चहा पीत होते.

मॅनेजर साहेबांपुढे हंगामाचे कागद पसरलेले होते. मक्याचं, कपाशीचं बियाणं जूनच्या आत गावोगाव पोचवायचं असतं, त्यांना मान वर करायला वेळ नव्हता. मीनानं फाइल आणली. वरच माझ्या अक्षरातला अर्ज.

"ताई, राजीनामा मंजूर झालाय," साहेब म्हणाले. "ईएसआयचा एप्रिलचा भरणा पंधरा मेपर्यंत जातो. त्यात ह्यांच्या नावापुढं काम सोडलं असं टाकायचं बाकी आहे, तेवढंच."

"म्हणजे अजून टाकलेलं नाही?"

"आज-उद्या टाकू. पण अर्ज त्यांचाच आहे ना? खाली सही त्यांचीच आहे ना?" मग थोडा विचार करून म्हणाले, "त्यांना विचारा बरं, समजून-उमजून दिला का म्हणून. न समजता दिला असंल तर बघता येईल."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. साहेब, मीना, कोपऱ्यात स्लिपा मोजणारा एक माणूस. मी मामांकडे वळले. हात वर केले. राजीनामा कसा दाखवायचा, समजून कसं दाखवायचं, मला काहीच माहीत नव्हतं. मी अर्जाकडे बोट केलं, मग त्यांच्याकडे. तो कोपऱ्यातला माणूस मोजायचा थांबला.

मामांनी माझा हात हलकेच खाली केला. फोन काढून बद्रीनाथ काकांना व्हिडिओ कॉल लावला. काका बनियनवर गोठ्यापाशी उभे दिसले. मामांनी फोन टेबलावर पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला आणि दोघांचे हात सुरू झाले. मी एवढंच ओळखलं की मध्येच मामांनी माझ्याकडे बोट केलं आणि काकांनी मानेनं नाही म्हटलं. मामांनी टेबलावर तळहात आपटला. परत काहीतरी सांगितलं. काकांनी कॉल बंद केला. थोड्या वेळानं मेसेज आला. मामांनी तो साहेबांपुढे धरला.

साहेबांनी मोठ्यानं वाचला. "साहेब नमस्कार. कडूबा म्हणतो, सुनेची चूक नाही. मी तिला काही सांगितले नव्हते. सही मी केली. हंगाम आहे, मला परत कामावर घ्या."

साहेबांनी फोन परत दिला. "बघा. स्वतःच म्हणून राह्यलेत, सही मी केली. मर्जीनं दिलेला राजीनामा मी मागं घेतला तर वरचे मला विचारतील. उद्या आणखी दहा जण येतील."

मीनानं फाइलची दोरी बांधायला घेतली.

मामा साहेबांच्या तोंडाकडे बघत होते. सुनेला वाचवलं, आता आपलं काम होईल, असं त्यांना वाटत असावं. साहेब काय म्हणाले ते त्यांना कळलेलं नव्हतं. आणि मला, खरं सांगते, त्या क्षणी हलकं वाटलं. सगळ्यांसमोर वाचलं गेलं होतं की सुनेची चूक नाही. आता उठून घरी जायचं आणि भागवतला सांगायचं की कंपनी ऐकत नाही. कुणाला काही कळलं नसतं. डिसेंबर लांब होता. एवढा विचार मी केला. दोरीला गाठ बसेपर्यंत केला.

मग म्हटलं, "साहेब, ते खोटं सांगतायत."

"कोण?"

"मामा. त्यांनी मला सांगितलं होतं. दवाखान्यातून लिहून आणलेला कागद दाखवला होता. मी वाचला नाही." मी पर्समधून तो काढून टेबलावर ठेवला. "अर्ज मी लिहिलाय. मला नोकरी लागली होती, लेकराला बघायला माणूस पाहिजे होतं. ते सांगत होते आणि मी मान हलवली. त्यांना वाटलं मला समजलं. म्हणून सही केली."

"समजलं नव्हतं तर मान कशाला हलवली?"

"घरात सगळे हलवतात."

साहेबांनी कागदाच्या दोन रेघांवरून बोट फिरवलं. "शिक्षण किती झालं तुमचं?"

"बी.कॉम."

"बी.कॉम.," ते म्हणाले. मीना खिडकीकडे बघायला लागली.

मग त्यांनी एक कोरा कागद माझ्याकडे सरकवला. "हे जसं सांगितलं तसं लिहून द्या. सगळं लिहा. सासऱ्याला समजू न देता अर्ज मी लिहिला, असं. खाली तुमची सही. मी वर पाठवतो."

मी तिथेच लिहिलं. यावेळी नमुना नव्हता. "समजू न देता" लिहिताना पेन दोनदा अडलं. कोपऱ्यातल्या माणसानं स्लिपा परत पहिल्यापासून मोजायला घेतल्या, पण त्याचं लक्ष माझ्याकडेच होतं.

साहेबांनी मीनाला सांगितलं की एक तारखेपासूनचे दिवस बिनपगारी रजा टाक, भरण्यात नाव चालू ठेव. "उद्या पहिल्या पाळीला पाठवा. तीस जूनला वयानं निवृत्त, दाखला त्याच दिवशी देतो. वरून काही आलं तर बघू." मामांना त्यांनी ग्रेडिंगच्या शेडकडे बोट दाखवलं आणि अंगठा वर केला. मामा हसले. त्यांना वाटलं, त्यांच्या मेसेजनं काम झालं. मी तेव्हाही त्यांना खरं सांगू शकले नाही. मला ते येतच नव्हतं.

कॉलेजला मी फोन केला. जूनअखेरपर्यंत जागा रिकामी ठेवता येणार नाही, म्हणाले. त्यात त्यांचं काही चुकलं नाही.

घरी मात्र वेगळंच झालं. शेजारच्या दैवशाला काकू आल्या, तेव्हा आत्याबाई त्यांना सांगत होत्या, "मॅनेजराच्या पुढं बसून काम करून आणलं तिनं. आपल्याला जमलं असतं का?" काकू म्हणाल्या, "शिकलेली सून पाहिजे बाई. आमची नुसती मोबाइल बघत बसती." मी आत भाकरी थापत होते. थापतच राहिले. भागवतही त्या दिवशी म्हणाला, बरं झालं तू गेलीस. त्यालाही मी काही बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी मामा कामावर गेल्यावर मी आत्याबाईंजवळ जाऊन बसले. त्या लसूण सोलत होत्या. मी सगळं सांगितलं, कागदाचं, सहीचं, मामा माझ्यासाठी खोटं बोलले त्याचं. त्यांनी सोलायचं थांबवलं नाही.

"ठाऊक हाय मला," त्या म्हणाल्या.

"मामांनी सांगितलं?"

"मंग काय. तू अर्ज लिहिला त्याच दिशी. म्हणले, सूनबाईला कागद दाखवला, ती व्हय म्हणली. मला वाटलं व्हतं का तुला कळलं नसंल. ते सांगत व्हते तवा तुझं ध्यान कुकराकडं व्हतं."

"मग मला बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तू शिकलेली. म्हणलं, ह्यांच्या कागदापेक्षा तिला ज्यास्ती ठाऊक असंल." पाकळ्या वाटीत टाकत त्या म्हणाल्या, "माझ्याच गोळ्यांचं व्हतं, तरी मी गप बसले. तुला राग येईल म्हणून."

माझ्या रागाला या घरात कुणी घाबरत असेल, असं मला तोवर वाटलं नव्हतं. मला वाटायचं, घाबरते ती मीच.

तीस जूनला दाखला मिळाला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात मामा आणि मी ईएसआयच्या ऑफिसात गेलो. दोघांचे फोटो, आधारच्या झेरॉक्स, पैसे भरायचा फॉर्म, सगळं मी पिशवीत लावून नेलं होतं. खिडकीतल्या बाबूनं फॉर्म बघितला, बराबर आहे म्हणाला, आणि मामांकडे न बघताच मला विचारलं, "यांना समजलंय ना, कशावर सही करून राह्यलेत?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "त्यांनाच विचारा."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याची थट्टा करतेय. "ताई, मागं रांग बघा."

मामांनी आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलं. फॉर्म माझ्या हातात होता. तो त्यांनी हळूच काढून घेतला, फोन लावला, आणि बद्रीनाथ काका दिसल्यावर कागद कॅमेऱ्यापुढे धरला. वरची ओळ. मग खालची. काका वाचून खुणा करायचे, मामा बोट पुढे सरकवायचे. आत्याबाईंच्या नावावर ते बराच वेळ थांबले. रांगेतून कुणीतरी म्हणालं, "अहो बाई, तुम्हीच सांगा ना त्यांना, आम्हाला काय दुसरी कामं न्हाईत का?" मी एक पाऊल बाजूला सरले.

शेवटच्या ओळीपर्यंत वाचून झाल्यावर मामांनी फोन खिशात ठेवला, बाबूकडून पेन मागून घेतलं आणि सही केली. मग पावती स्वतःच्या खिशात घातली. पिशवी उघडून मी पुढे केली होती, ती मी बंद केली.